काका, तुम्ही ते गाणं बंद केलं नाहीत

प्रिय काका,
सा. न.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि काकू ताटात आणखी एक भाकरी वाढतात. गेल्या वर्षभरात तीनदा असं झालं.

२७ सप्टेंबर २०२४च्या शुक्रवारी हेलीन वादळाचं पाणी अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिलमध्ये शिरलं, तेव्हा मला या गावात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात वसलेल्या गावाला चक्रीवादळाची भीती कशाला, असं मलाच काय, गावातल्या जुन्या माणसांनाही वाटत होतं. आमच्याकडे वीज नव्हती, नळ कोरडे होते, फोनला रेंज नव्हती. शनिवारी कुणीतरी सांगितलं, वाचनालयाच्या बाहेर वायफाय मिळतंय. तिथे फुटपाथवर बसलेल्या गर्दीतून मी तुम्हाला एकच ओळ पाठवली: मी ठीक आहे, पाणी नाही.

तुम्ही बाबांचे कॉलेजातले मित्र. आपण तोवर दोनदाच भेटलो होतो, तेही गणपतीत. रविवारी दुपारी तुम्ही दारात उभे होतात. गाडीत पाण्याचे कॅन, पेट्रोलचे दोन डबे आणि काकूंनी दिलेला दशम्यांचा डबा. स्पार्टनबर्गवरून वळसा घालून, पेट्रोल पंपांवरच्या रांगा बघत तुम्ही शार्लटहून आला होतात. तुमचा पहिला प्रश्न होता, "नदी किती फुटांवर गेली?"

तो प्रश्न सांगलीचाच माणूस विचारणार. इथली नदी, फ्रेंच ब्रॉड, चोवीस फुटांच्या वर गेली होती, १९१६च्या महापुराची खूणही तिने मागे टाकली होती. तुम्ही नुसती मान हलवलीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, गावभागातल्या तुमच्या घराच्या माडीवर आजी अडकल्या होत्या आणि तुम्ही शार्लटमध्ये फोन हातात धरून बसला होतात, हे मला काकूंकडून फार नंतर कळलं.

पण मला आभार मानायचे आहेत ते, मला घेऊन तुम्ही शार्लटला निघालात, त्या परतीच्या प्रवासाचे.

गाडी घाट उतरायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "काहीतरी लाव गं, शांतता नको." माझ्या फोनमध्ये उतरवून ठेवलेला एकच अल्बम होता, एम. जे. लेंडरमन या गायकाचा 'मॅनिंग फायरवर्क्स'. ६ सप्टेंबरला, म्हणजे पुराच्या बरोबर तीन आठवडे आधी तो आला होता. मला संकोच वाटला. तुम्ही रोज सकाळी भीमसेनजी ऐकणारे. हा पंचवीस वर्षांचा पोरगा, आवाज किंचित झोपाळलेला, गिटार खरखरीत. तरी लावला, कारण तो ॲशव्हिलचा होता. याच गावात वाढला, आइस्क्रीमच्या दुकानात काम करत गाणी लिहीत राहिला, 'वेन्सडे' या बँडमध्ये गिटार वाजवत राहिला. आणि हा अल्बम, ज्याच्यासाठी अमेरिकाभरचे समीक्षक त्याचं नाव घेत होते, तोही त्याने याच गावातल्या स्टुडिओत, मिळतील तसे चार-चार दिवस काढून, बरीचशी वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला. हेवुड रोडवरच्या कॉफीच्या दुकानात तो सतत वाजायचा. त्या गावात मी परकी, माझी जी काही ओळख झाली, ती आधी या गाण्यांशी झाली.

पहिली दोन गाणी तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग एकदम आवाज वाढवलात. "हे काय वाजतंय?"

मी म्हटलं, पेडल स्टील गिटार, कंट्री संगीतातलं वाद्य आहे.

"कसलं कंट्री! ही आमची हवाईयन गिटार!"

आणि मग स्पार्टनबर्ग येईपर्यंत तुम्ही बोलत होतात. लहानपणी रेडिओवर लागणाऱ्या, गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या धुना, ती गिटार वाजवणारे व्हॅन शिप्ले, मग ब्रिजभूषण काब्रा, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ची रेकॉर्ड, जिची कॅसेट झिजेपर्यंत तुम्ही ऐकलीत. मी नंतर शोधलं, काका. तुमचं अगदी बरोबर होतं. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून लोखंड सरकवत वाजवायची रीत रुळवली असं मानतात. तिथून ती एका बाजूला अमेरिकेच्या दक्षिणेत गेली, पुढे तिला पायाने दाबायची पेडलं लागली, आणि दुसऱ्या बाजूला कलकत्ता-मुंबईत येऊन आपल्या गायकीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, शिकली. लेंडरमनच्या गाण्यात तो सूर शब्दांच्या मागून हळूच घसरत येतो, तेव्हा आता मलाही तुमचा रेडिओ ऐकू येतो.

शब्दांचं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी जमेल तसं सांगितलं. त्याच्या गाण्यांतली माणसं हरलेली असतात, बढाया मारतात, बायको सोडून गेल्यावर भलत्याच गोष्टीबद्दल बोलत बसतात. तो त्यांची बाजू घेत नाही आणि त्यांना टाकूनही देत नाही. आधीच्या अल्बममध्ये तर बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या १९९७च्या, आजारी असताना खेळलेल्या सामन्यावर गाणं आहे, जो झाला तेव्हा लेंडरमनचा जन्मही व्हायचा होता. हे ऐकून तुम्ही खूश झालात. ते गाणं घरी पोचल्यावर आपण दोनदा ऐकलं.

आणि मग नववं, शेवटचं गाणं. दहा मिनिटांचं. गाणं लवकर संपतं आणि उरलेला सगळा वेळ नुसता एक घुमणारा, खरखरणारा नाद चालू राहतो. पुष्कळ लोक इथे बंद करतात. मीही हात पुढे केला होता. तुम्ही म्हणालात, "राहू दे. मिरजेला तानपुऱ्याच्या दुकानात बसलं की असंच असतं. कुणी गात नसतं, पण सूर चालू असतो."

त्या नादात मी रडले. तीन दिवसांत पहिल्यांदा. पाण्याने सोललेले रस्ते, झाडांना अडकलेले कपडे, वाचनालयाबाहेर मुलाचा फोन लागत नाही म्हणून बसून राहिलेली ती म्हातारी, सगळं एकदम आलं. त्या पुरात उत्तर कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसं गेली. तुम्ही समजूत घातली नाहीत, गाडी थांबवली नाहीत, गाणंही थांबवलं नाहीत. काका, हे पत्र त्यासाठी आहे.

तुमच्या घरी मी पाच आठवडे राहिले. ऑक्टोबरमध्ये पूरग्रस्तांसाठी १३६ गाण्यांचा संग्रह निघाला, त्यात लेंडरमनचंही एक होतं. तुम्ही तो स्वतः विकत घेतलात आणि रोज जेवताना पाच-पाच गाणी लावलीत. डिसेंबरात वर्षातल्या उत्तम अल्बमांच्या याद्या येऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक यादी मला तुमच्याकडून आधी आली. "आपला मुलगा इथे पण आहे," असं लिहून. तो 'आपला' कधी झाला, मला कळलंच नाही.

१८ नोव्हेंबरला, ५३ दिवसांनी, गावाला पिण्याजोगं पाणी आलं. मी बाबांच्या आधी तुम्हाला फोन लावला आणि नळापाशी धरला. तुम्ही बराच वेळ ऐकत होतात.

अजूनही इकडे मोठा पाऊस झाला की रात्री तुमचा फोन येतो. मी नदीची पातळी गूगलवर बघून ठेवते. काल साडेतीन फूट होती, काका.

तुमची,
ॲशव्हिलची पुतणी