पैठणीची घडी बदलून ठेवली आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई एकदम गप्प झाली, तेव्हापासून मला चैन नाही. किमोनोतला माझा तो फोटो दादाने दाखवला ना? मग पुढचंही माझ्याकडूनच ऐका. जानेवारीत मला चहाविधी शिकवणाऱ्या बाईंकडे वर्षातला पहिला विधी आहे आणि त्याला मी किमोनोच नेसणार आहे. घरापासून बसने, सगळ्यांसमोर. बाईंना होकार कळवला आहे.

क्योतोला येणारे प्रवासी दिवसभरासाठी भाड्याने घेतात, तसला हा नव्हे. बाईंचा स्वतःचा, तरुणपणचा आहे. साधारण बारा मीटरच्या एकाच ताग्यातून सरळ पट्ट्या कापून शिवतात, आणि लांबी जास्त झाली तर कमरेशी दुमडून घेतात. त्यामुळे त्यांचा मला बरोबर बसतो, आई, जशी तुझी साडी बसते. आणि डावी बाजू उजवीवर घेतात हे मी कधीच विसरत नाही. उलटी फक्त मृताला नेसवतात, म्हणून आरशात दोनदा बघते. अभद्र काही होणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, दुसऱ्यांचा पोशाख मिरवू नये. २०१५ साली बोस्टनच्या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रासमोर किमोनो घालून फोटो काढायची सोय केली होती. त्यावर निदर्शनं झाली आणि ती बंद करावी लागली. उलट काही जपानी लोकांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी यावर खूप विचार केला. म्हणूनच आठ महिने नेसायला शिकले, मगच बाहेर पडले.

फोटो जुलैतला आहे, इथल्या गिओन उत्सवातला, मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळचा. अंगात युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो होता. शिजो रस्त्यावर ही गर्दी! तेवढ्यात कुणीतरी मागून माझा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा धरला. वळून बघते तर एक आजी. एक शब्द न बोलता त्यांनी सैल झालेली गाठ सोडली, पुन्हा आवळली, पाठीवर थोपटलं आणि गेल्या. आई, गॅदरिंगच्या दिवशी विंगेत तू दातात पिना धरून माझा काष्टा खोचत होतीस, अगदी तोच हात. मी तिथेच रडले गं.

थंडीची काळजी नको. आतून गरम कपडे असतात, वरून हाओरी, म्हणजे किमोनोवरचा कोट, पायात ताबी, म्हणजे जाड मोजे. जेवणही वेळेवर होतं.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, चहाबरोबर नाही, पाण्याबरोबर. माळ्यावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढायचं नाही, दादा येईल तेव्हा काढेल. आई, डोळ्यांतले थेंब स्वतः घालू नकोस, बाबांना घालू दे.

आणि तू दिलेली पैठणी इथे नीट आहे. दिवाळीत नेसले, मग घडी बदलून मलमलीत बांधून ठेवली. मार्चमध्ये तुम्ही याल तेव्हा बाईंकडे ती तूच नेसायचीस. एवढं कापड एका गाठीवर कसं राहतं, ते त्यांना तुझ्याकडून बघायचं आहे.

तुमची,
छकुली