भिंतीवरचा कागद कोण बदलणार?

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझे वडील पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतात. वय ८१, सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा दम लागणारा जुनाट आजार. तरुणपणी ओढलेल्या विड्या आता वसूल होतायत, असं ते स्वतःच म्हणतात.

त्यांच्या पलंगावर भिंतीला चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता: ‘ऑक्सिजन ३ लिटर, चालू ठेवणे.’ पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हाचा. त्यातून उठून घरी, म्हणजे आश्रमात, परतले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: १ लिटर, रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के ठेवा. कार्ड फाइलला लागलं, फाइल ऑफिसच्या कपाटात गेली आणि भिंतीवर ३ लिटर तसेच राहिले.

डिसेंबरात एका रात्री नव्या मावशी ड्यूटीवर होत्या. ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं. त्या घाबरल्या, भिंतीकडे पाहिलं आणि काँसन्ट्रेटरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्राची, प्रवाह दाखवणारी गोळी ३ वर नेली. सकाळी बाबा हाका मारूनही धड जागे होईनात. सीओपीडीच्या काही रुग्णांना ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. खरं तर ८९ हा बाबांसाठी अगदी ठीक आकडा होता. वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावलं.

मावशींवर माझा राग नाही. समोर लिहिलं होतं तेच त्यांनी केलं.

साहेब, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, वैद्यकीय काळजीसुद्धा त्यात आली. अमेरिकेत सरकारी विमा घेणाऱ्या नर्सिंग होमना प्रत्येक रहिवाशाची तपासणी निदान तीन महिन्यांनी करावी लागते आणि त्यानंतर काळजीचा आराखडाही सुधारावा लागतो. प्रकृतीत मोठा फरक पडला, तर १४ दिवसांत पूर्ण तपासणी नव्याने. तिथेही कागद शिळे राहतातच, पण निदान जाब विचारायला नियम असतो.

आपल्याकडे एवढं तरी करा. रहिवासी दवाखान्यातून परतला की त्याच दिवशी पलंगाजवळचा कागद बदलायचा, खाली तारीख आणि सही. ऑक्सिजन किती, पातळी कितीपासून कितीपर्यंत, श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळकांड्याने) घ्यायचा की कसा, मास्क कधी धुवायचा. आणि वीज गेली तर भरलेला सिलिंडर कुठे आहे. काँसन्ट्रेटर विजेवर चालतो, हे लोडशेडिंगच्या गावात कुणी सांगायला नको.

एकदा तपासणीला अधिकारी आले तेव्हा मी तिथेच होते. स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिले, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीखसुद्धा वाचली. पलंगाजवळ कुणी फिरकलं नाही.

बाबांचा कागद मी स्वतः बदलला. शेजारच्या आजोबांच्या कागदावर अजून गेल्या मार्चची तारीख आहे.

आपली विश्वासू,
एका रहिवाशाची मुलगी, पुणे