सानू, मेसला कुणाबरोबर जातेस?

सानू,

काल फोन कट झाला नाही, मी केला. आधीच सांगतो म्हणजे रेंजचं खोटं आईच्या गळ्यात नको. समोर गिऱ्हाईक उभं, हातात वार्निशचा ब्रश, आणि त्यात तुमच्या कॉलेजचा मेसेज आलेला, अटेंडन्स 61 टक्के, 75 च्या खाली राहिल्यास परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. आणि तू एकदम गार आवाजात म्हणतेस, पप्पा, लेक्चरला पुस्तकच वाचून दाखवतात, तेच मी लायब्ररीत निम्म्या वेळात करते. यावर मी काय बोलणार होतो सांग. चौथीनंतर शाळा सोडून सातआठ वर्षं घरी शिकताना दुसरं काय केलं आपण. जे पुस्तकात आहे त्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघत बसायची गरज नाही, हे माझंच वाक्य आहे, तू मलाच परत दिलंस.

मार्कांची काळजी मला नाही. खरंच नाही. एनआयओएसच्या, म्हणजे त्या ओपन स्कूलच्या, बारावीला टीएमएचे 20 टक्के मार्क असतात, त्या घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट वेळेत गेल्याच पाहिजेत हे मला तूच सांगितलेलंस, मी तर फक्त परीक्षा धरून चाललो होतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर तीन तास लावून पेपर लिहायचीस, आजी मुद्दाम तेव्हाच मिक्सर लावायची आणि वर म्हणायची परीक्षेत काय सगळं शांत असतंय होय. केंद्रावर प्रॅक्टिकलला त्या पोरानं व्होल्टमीटर सीरीजमध्ये लावला होता तो तू जाऊन पॅरललला लावून दिलास, त्याचं नाव तरी विचारलंस का? नाही विचारलंस. घरी येऊन मला व्होल्टमीटरचं सांगितलंस, पोराचं नाही.

बघ, मी आलोच तिथं. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. आई म्हणते तेच तेच विचारू नका, ती चिडते.

पण मला पण किती वर्षं ऐकावं लागलंय ते तुला माहीत नाही. अण्णाकाका बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भर म्हणून मागं लागलेले, मोठ्या आत्याला तर वाटायचं आरटीई, तो शिक्षण हक्काचा कायदा, आलाय, 6 ते 14 वयाचं पोर घरात ठेवलं की दारात पोलीसच येणार. तिला मी सांगायचो, त्याच कायद्यात आहे, उद्या परत शाळेत घालायचं झालं तर वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, दार काय बंद होत नाही. कुणी म्हणायचं ते ओपन स्कूलचं सर्टिफिकेट चालतंय का, तर म्हणायचो 1989 पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, गल्लीतला क्लास नाही. सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडं. एका प्रश्नाला मात्र मी नुसता हसायचो, की पोरगी चारचौघांत मिसळणार कशी. बारशात, लग्नात, मारुती चौकात भाजी घेताना, प्रत्येकाला हाच प्रश्न. मी म्हणायचो दुकानात येऊन बघा की, तासगावचे बागायतदार, हळदीचे अडते, सगळ्यांशी टणाटणा बोलते. आणि बोलायचीसच. पण ते सगळे चाळिशी-पन्नाशीचे होते गं. तुझ्या वयाचं त्यात कोण होतं? म्हणून विचारतोय, मेसला कुणाबरोबर जातेस?

2019 चा पूर आठवतोय का. पाणी उतरल्यावर गावातल्या, मळ्यातल्या सगळ्या पंपाच्या मोटारी गाळ भरून दुरुस्तीला आपल्या दारात आलेल्या, रस्त्यापर्यंत लाइन. तू बारा वर्षांची. पाइपनं गाळ धुवायचा, उन्हात ठेवायच्या, ऊन नसलं तर 200 वॅटच्या बल्बखाली, मग मेगर लावायचा, आतलं इन्सुलेशन सुकलंय का ते मोजायला. मी हँडल फिरवायचो आणि तू आकडा वाचायचीस, एक मेगओहमच्या खाली आला की परत सुकायला. प्रत्येक मोटारीवर खडूनं आकडा आणि तारीख, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, तू सुरू केलंस. आणि मग एक दिवस म्हणालीस, पप्पा, बल्बखालून गरम काढली की आकडा कमी येतोय आणि गार झाल्यावर तीच मोटार जास्त दाखवतीय, गरम म्हणजे कोरडी ना, मग उलटं का? मला गार करून मोजायचं एवढं ठाऊक होतं, वस्तादानं सांगितलेलं, का ते त्यांनाही कुणी सांगितलं नसणार. तू ते डोक्यात ठेवलंस आणि चारपाच वर्षांनी बारावीच्या पुस्तकात सापडलं तसं पुस्तक घेऊन दुकानात पळत आलीस, की इन्सुलेशन तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तांब्याच्या बरोबर उलट. गिऱ्हाईकासमोर. त्या गिऱ्हाइकाला मी अजून सांगतो की ती पोरगी आता पुण्यात फिजिक्सला आहे. तो ऐकून घेतो बिचारा.

आता लोकांना काय वाटतं तेही सांगतो. दिल्लीतला एक घरी शिकलेला चौदा वर्षांचा पोरगा 2010 साली आयआयटीच्या परीक्षेत देशात 33 वा आला होता, आणि मुंबईची ती मुलगी, दहावी-बारावी काहीच नाही, कॉम्प्युटरच्या ऑलिंपियाडच्या मेडलांवर 2016 ला थेट अमेरिकेत एमआयटीत. आईनं दोन्ही बातम्या मला दाखवलेल्या, धीर यावा म्हणून. मला त्यांचा रागच आला. त्या बातम्यांमुळं झालं असं की घरी शिकलेलं पोर म्हणजे एकतर जगावेगळं हुशार नाहीतर वाया गेलेलं, मधलं काही नाहीच. तू मधली आहेस. चिकाटीची आहेस, गणितात बरी आहेस, इंग्रजी लिहिताना अजून स्पेलिंग खातेस. कॉलेजला पोचायला एवढं पुरलं की नाही? पुरलं.

ॲडमिशनच्या दिवशीचं मी तुला कधी बोललो नाही. खिडकीवर त्या माणसानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि माझ्या पोटात गोळा आला, चौथीनंतर शाळाच नाही तर सोडल्याचा दाखला कुठनं आणायचा. मी पुढं होणार तेवढ्यात तू फाइलीतनं एनआयओएसचा कागद काढून ठेवलास, सर, मायग्रेशन आणि ट्रान्सफर एकाच सर्टिफिकेटवर असतं, वरच लिहिलंय बघा. तो आत गेला, कुणाला तरी दाखवून परत आला आणि शिक्का मारला. आवाज चढला नाही, रडकुंडीला आली नाहीस. मी खांबाला टेकून उभा होतो, पाण्याच्या बाटलीचं टोपण उघडायचं आणि लावायचं चाललेलं माझं. मागच्या बाईंनी विचारलं कुठली शाळा गं, तू म्हणालीस घरीच, तर त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तू त्यांच्या मुलीकडं बघून हसलीस. ती मुलगी तुमच्याच वर्गात आहे का?

हां, तर अटेंडन्स. दोन क्रेडिटचा थिअरीचा पेपर म्हणजे सगळे मिळून 30 तास, त्यातले साडेसातच्या वर बुडाले की झालं, पुढं रडून उपयोग नाही. घरी एखादं चॅप्टर डोक्यात बसेना तर महिनाभर बाजूला टाकायचीस आणि परत घ्यायचीस, सेमिस्टरला तसं चालत नाही, त्यांची गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही. प्रॅक्टिकल तर एकही चुकवू नकोस आणि जर्नलवर त्याच आठवड्यात सही घे, शेवटी सगळ्यांची झुंबड उडते म्हणे. अडलं तर वर्ग सुटल्यावर सरांना गाठायचं, मला रात्री अकराला वहीचा फोटो पाठवून काय उपयोग, मला ते क्वांटम कळत नाही. (पाठव तरी.) आणि पुस्तक वाचून दाखवतात तर दाखवू देत, लेक्चर काय फक्त सरांसाठी असतंय का, शेजारी कुणीतरी बसलेलं असतं, तिलाही कंटाळा आलेला असतो, तिथनंच बोलणं सुरू होतं. लायब्ररीत शेजारच्याशी बोलायला बंदी, भिंतीवर तसा बोर्डच असतो. तुला ती जागा बरोबर सापडली.

चिडू नकोस. लेक्चर नको म्हणून तू लायब्ररीत गेलीस आणि इथं मीच लेक्चर देत बसलोय, कळतंय मला. सॉरी.

खोडदला, त्या रेडिओ दुर्बिणीकडं, सायन्स डेला गेलेलो ते आठवलं. 45 मीटरची एक डिश, तशा 30 म्हणे, सगळी माणसं मान वर करून बघतायत आणि आपण दोघं खाली वाकून ती फिरवणारी मोटार कुठं दिसते का बघतोय. तिथं एक कॉलेजची मुलगी माहिती सांगायला होती, तिनं तुला कितीतरी वेळ घेऊन समजावलं, माझा चहा पिऊन झाला, परत एक झाला, तुमचं संपेना. इतकी बडबडलेली तुला मी तुझ्या वयाच्या जवळपास असलेल्या कुणाबरोबर तेव्हाच बघितली. जाताना तू तिचा नंबर वहीच्या मागच्या पानावर घेतलास. पुण्यातलीच होती ना ती? केलास का कधी फोन?

नसेल केला तर नसू दे. तुझं तू बघ.

आजीची शुगर बरी आहे असं आजी म्हणते. रिपोर्ट आईनं कपाटात ठेवलाय, मला अजून दाखवला नाही. तू फोनवर आजीला विचारू नकोस, आईला विचार. मन्या तुझ्या खोलीच्या दाराशीच झोपतो, हाकलला तरी परत तिथंच.

शुक्रवारी सलीमभाईंचा टेम्पो बेदाणा घेऊन मार्केट यार्डला येतोय, त्यात पिशवी देतो. स्वेटर आहे, तुझं जुनं मल्टिमीटर आहे (नवीन सेल घातलाय), आणि भडंग. भडंग दोन किलो आहे, एकटीनं खायला दिलेलं नाही.

पप्पा