विषय: प्रोफायलरचे चुकीचे निदान व हेल्पलाइनचा राउटरचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या माणसाचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून हे लेखी.

वणी तालुक्यातल्या जिनिंगांना मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काटापट्टीचं, म्हणजे कापसाचं वजन आणि भाव धरून पावती काढणारं, सॉफ्टवेअर करून देतो. सीझनमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागली की पट्टी रखडायची, म्हणून वर्षाचे पैसे भरून तुमचा प्रोफायलर, म्हणजे प्रोग्राम कुठे वेळ खातो ते दाखवणारं साधन, घेतला. त्याने भाव काढणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, लाल करून दाखवली. ती नव्याने लिहिली. पट्टी तेवढीच रखडली, आणि गाडीवाले डोक्यावर उभे: "भाऊ, पट्टी कवा निंघन?"

मग तुमची हेल्पलाइन. रेकॉर्डिंग असेलच तुमच्याकडे, फोन लागताच तेच ऐकवता.

"लोकेशन, सर?"
वणी तालुका, यवतमाळ.
"म्हणजे रूरल. मग नेट स्लो असेल, सर."
प्रोग्राम काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरच चालतो, नेट जोडलेलंच नाही, म्हटलं.
"तरी एकदा राउटर बंद-चालू करून बघा."
राउटरच नाही म्हटल्यावर साहेब जरा थांबले. "मग रॅम वाढवा."
थ्रेड डंप, म्हणजे प्रोग्राममधला कोणता थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) कुठे अडलाय त्याची यादी, पाठवू का, विचारलं.
"ते काय असतं, सर?"

प्रोफायलर विकणाऱ्या कंपनीत हा प्रश्न! सराफाने कसोटी म्हणजे काय विचारावं, तसं.

शेवटी जावाच्या जेडीके 11 आवृत्तीपासून फुकट मिळणारा फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे चालत्या प्रोग्रामची नोंद ठेवणारं साधन, मिनिटभर चालवला आणि ती फाइल वाचणाऱ्या मिशन कंट्रोलमध्ये उघडली. थ्रेड पळतच नव्हते. काट्याचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचणाऱ्या जुन्या लायब्ररीच्या एका लॉकवर, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपावर, सगळे अडून बसले होते. सीपीयू सॅम्पलिंगला, म्हणजे थोड्याथोड्या वेळाने डोकावून नोंद घेण्याला, पळणारा थ्रेड दिसतो, लॉकवर अडलेला दिसत नाही. नुसत्या सेफपॉइंटवर, म्हणजे जावा थ्रेडला थांबवू शकते त्या ठरलेल्या जागीच, सॅम्पल घेतलं तर दोष भलत्याच मेथडवर जातो. हे मी तुम्हाला शिकवायचं? माहितीपत्रकात मात्र 'अचूक निदान', तेही ठळक अक्षरात.

लॉकची वाट पाहण्यातला वेळ तुमच्या रिपोर्टमध्ये का नाही, याचं लेखी उत्तर द्या आणि पैसे परत करा. माझं तिकीट 'ग्राहकाकडील नेटची समस्या' असा शेरा मारून बंद केलंय, तेही उघडा. नेट नाही. नव्हतं. लिहून घ्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. माझं पोट याच धंद्यावर आहे, तेव्हा मी ग्राहकच; आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. तारखेला त्याच साहेबांना पाठवा. मे महिन्यात पाठवलंत तर उत्तमच.

तुमचा परवानाधारक ग्राहक,
ता. वणी, जि. यवतमाळ