चुलीपुढचा श्वास मोजणारा शास्त्रज्ञ

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकात शहरोशहरीचे हवा निर्देशांक रोज छापून येतात. ते यायलाच हवेत. पण हे आकडे चौकातल्या किंवा इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रांचे असतात. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत किती धूर जातो, याची नोंद त्यांत कुठेच नसते. हा फरक ज्यांनी चाळीस वर्षे चिकाटीने मांडला, त्या प्रा. कर्क स्मिथ यांच्याविषयी मराठीत फारसे काही माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्मिथ (१९४७–२०२०) हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक होते, पण त्यांच्या कामाचा पाया घातला गेला गुजरातमधल्या खेड्यांत. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा ओढणारी छोटी उपकरणे बांधली. आत पांढरा, आधी काटेकोर वजन करून ठेवलेला गाळणकागद. स्वयंपाक उरकला की तो काढायचा, पुन्हा तोलायचा आणि वाढलेले वजन म्हणजे त्या वेळात तिच्या नाकासमोरच्या हवेतून गोळा झालेले कण. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात स्वयंपाकाच्या वेळेतील तरंगत्या कणांचे प्रमाण दर घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास होते. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी, असाच समज होता.

त्यांनी पुढे मांडलेला मुद्दा साधा, पण फार मोलाचा आहे: किती धूर सोडला यापेक्षा तो कुठे सोडला याला महत्त्व आहे. उंच धुराड्यातून सुटलेला धूर विरत जातो. तेवढाच धूर घरात सुटला, तर तो कोणाच्या तरी फुफ्फुसात पोहोचण्याची शक्यता हजारपटीच्या घरात जाते. माझी आजी फुंकणीने चूल पेटवताना पदराने डोळे टिपत असे आणि आम्ही मुले ‘तिला धुराची सवय आहे’ असे समजत होतो. पुढे तिला मोतीबिंदू झाला. नेपाळ आणि भारतातल्या स्त्रियांमध्ये चुलीचा धूर व मोतीबिंदू यांचा संबंध तपासणाऱ्या २००५ च्या अभ्यासात स्मिथ सहलेखक होते, हे मला फार उशिरा कळले. आजीचा मोतीबिंदू धुरामुळेच झाला, असे मी म्हणू शकत नाही. पण धुराची सवय होते हा आमचा समज मात्र खोटा होता.

स्मिथ यांचा प्रामाणिकपणा मला त्यांच्या शोधांइतकाच मोठा वाटतो. त्यांच्या एका अभ्यासात ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ घरांपैकी निम्म्या घरांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून धुराड्याच्या चुली बसवण्यात आल्या. धूर जवळपास निम्मा झाला, तरी बाळांमधील एकूण न्यूमोनियात आढळलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. २०११ मध्ये दोन्ही गोष्टी जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या. ‘निम्मा धूर कमी करून भागत नाही’ हा धडा त्यातून मिळाला आणि आपल्याकडच्या निर्धूर चुलींच्या सरकारी कार्यक्रमाचा अनुभवही काही वेगळा नव्हता. म्हणूनच उत्तरकाळात स्मिथ सुधारित चुलीपेक्षा स्वच्छ इंधनच गरिबाच्या दारी नेण्याचा आग्रह धरू लागले. आयुष्याचा मोठा भाग एका उपायाच्या अभ्यासात घालवल्यावर त्याच्या मर्यादा मान्य करायला मन मोठे लागते.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचे त्यांनी स्वागत केले होते. तिची आठ कोटीवी गॅसजोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. पण जोडणी दिली म्हणजे चूल विझली असे होत नाही. दुसरा सिलिंडर परवडला नाही की गॅसशेगडीच्या शेजारी चूल पुन्हा पेटते, आणि शेगडी पेटली तरी शेजारच्या घराचा धूर आत येतोच. स्मिथ यांच्या निधनानंतर भारतासह चार देशांतील सुमारे ३२०० गर्भवतींपैकी निम्म्यांच्या घरी गॅस आणि तो भरून देण्याची सोय पुरवून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. धूर बराच कमी होऊनही बाळांच्या जन्मवजनात वा न्यूमोनियात ठोस फरक दिसला नाही. काहींना यातून गॅसचा उपयोगच नाही असे वाटेल. मला ते पटत नाही. हृदयविकार आणि फुफ्फुसांचे जुनाट आजार वर्षानुवर्षांच्या धुराने बळावतात. गर्भारपणाच्या काही महिन्यांत आणि बाळाच्या पहिल्या वर्षात त्यांचा हिशेब लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

आपणास विनंती अशी, की उज्ज्वलाविषयीच्या बातम्यांत एकूण जोडण्यांच्या आकड्याबरोबर त्या घरांनी वर्षात सरासरी किती सिलिंडर भरून घेतले, हा आकडाही आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक वेळी विचारावा आणि तो जिल्हावार छापावा.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक