विनयला पत्र: ट्रेनिंग सक्तीचंच हवं

पुणे, रविवार रात्र

प्रिय विनय,

सलाम.

परवा तुझा फोन आला तेव्हा इकडे सकाळचे सहा वाजले होते आणि मी अर्धवट झोपेत, त्यामुळे तू एवढा चिडून बोलत होतास आणि मी नुसता हं हं करत राहिलो. नंतर दिवसभर तेच डोक्यात. तू म्हणालास, "डायसिसच्या (बिशपच्या विभागाच्या) कन्व्हेन्शनवर, म्हणजे निर्णय घेणाऱ्या सभेवर, मला लोकांनी मतं देऊन पाठवलं आणि आता हे सांगतायत की आधी वंशभेदविरोधी ट्रेनिंग करून या. मला? माझ्या आजोबांनी काय भोगलं ते यांना माहीत तरी आहे का?" तुझा राग कळतो रे मला. पण तुझं म्हणणं पटलं नाही, आणि फोनवर ते नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सावकाश वाच.

आधी तुझ्याच गावची गोष्ट. तू ज्या फिलाडेल्फियात राहतोस तिथे अ‍ॅब्सलम जोन्स नावाचा माणूस होऊन गेला, जन्माने गुलाम, नंतर स्वतःची सुटका करून घेतलेला. तो आणि रिचर्ड अ‍ॅलन तिथल्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये जायचे. एका उपासनेत प्रार्थना चालू असताना जोन्सला गुडघ्यांवरून ओढून उठवलं, ही जागा तुमची नाही म्हणून. प्रार्थना संपेपर्यंत सुद्धा थांबले नाहीत. मग हे लोक एकत्रच बाहेर पडले, पुढे जोन्सनी सेंट थॉमस आफ्रिकन चर्च उभं केलं, ते 1794 मध्ये एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या तुझ्याच चर्चच्या, डायसिसमध्ये घेतलं गेलं आणि जोन्स त्या संस्थेचा पहिला काळा प्रीस्ट झाला. इथपर्यंत आपण अभिमानाने सांगतो. पण घेताना अट काय घातली माहितीये? या चर्चने डायसिसच्या कन्व्हेन्शनवर आपले प्रतिनिधी पाठवायचे नाहीत. देवाची भक्ती करा, दान द्या, सगळं करा, पण जिथे ठरतं तिथे येऊन बसू नका. ही अट उठायला 1864 साल उजाडलं. सत्तर वर्षं, विनय. तू आता ज्या कन्व्हेन्शनमध्ये बसणार आहेस त्याच कन्व्हेन्शनचं दार ते.

म्हणून मला वाटतं की ट्रेनिंगची सक्ती निवडून आलेल्यांवरच आधी हवी. भेदभाव नुसता बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात नव्हता ना, तो मतदानाच्या यादीत होता, ठरावात होता, मिनिट्समध्ये होता. एपिस्कोपल चर्चने 2000 साली डेन्व्हरच्या जनरल कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे देशभरच्या सभेत, ठरवलं की पाळक, पगारी स्टाफ आणि कमिट्या-मंडळांवर निवडलेले नाहीतर नेमलेले लोक, सगळ्यांनी हे ट्रेनिंग घ्यायचं. मग 2006 मध्ये कोलंबसला गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल माफीचा ठराव, आणि 2008 च्या ऑक्टोबरमध्ये पश्चात्तापाची उपासना झाली ती मुद्दाम त्याच सेंट थॉमस चर्चमध्ये. तुझ्या घरापासून फार लांब नसेल, एकदा जाऊन बस तिथे.

आता इकडचं सांगतो. हे मी तुला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नाही.

माझी आजी आठवते ना तुला, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात ते जाड उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक. प्रभुभोजनाच्या रविवारी आजी सगळ्यात आधी उठून पुढे जायची आणि कठड्याच्या डाव्या टोकाला गुडघे टेकायची, कारण पाळक द्राक्षारसाचा प्याला, सगळ्यांना तोच एक, तिकडून सुरू करायचे. पाय दुखत असायचे तरी घाई करून जायची. लहानपणी मला वाटायचं केवढी भक्ती आहे हिची. ती गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आत्याने सहज सांगितलं, चहा पिता पिता, की आईला "त्यांच्या" तोंडचा प्याला चालायचा नाही म्हणून ती पहिली जायची. आमचं घराणं बाप्तिस्म्याआधी कोण होतं ते तुला माहितीये. शंभर वर्षं झाली ख्रिस्ती होऊन, आडनाव तेच राहिलं आणि सोबत हेही राहिलं. आणि विनय, तेव्हा काकू, तुझी आई, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायच्या.

गेल्या महिन्यात काकूंकडे गेलो होतो तेव्हा धीर करून त्यांना हे सांगितलं, माफी मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. म्हणाल्या, "माहीत होतं की आम्हाला. म्हणून तर मी मागे बसायचे, उगाच कोणाला अवघडायला नको." मला पुढे काही बोलताच आलं नाही.

पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या चहाची गोष्ट आपण किती वेळा सांगितलीये एकमेकांना. 1890 साली टिळक, रानडे आणि पुण्यातली बरीच मोठी मंडळी तिथे गेली, चहा-बिस्किटं समोर आली, नावं छापून आली आणि शहरभर गदारोळ, ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आपण सांगायचो की बघा, एका कप चहाला घाबरले. आणि माझ्या घरात आजी प्रभूच्या प्याल्याला घाबरत होती.

तू म्हणशील जुनी पिढी, सोडून दे. नाही रे. मागच्या वर्षी मी आमच्या पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी होतो. खजिनदार निवडायचा होता. एका मुलीचं नाव आलं, बीकॉम, बँकेत नोकरी, तरुण संघाचे सगळे हिशोब तीच ठेवते, एक रुपया इकडचा तिकडे नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण वस्तीतली आहे, आपली जुनी घराणी काय म्हणतील?" कोणी काहीच बोललं नाही. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. आणि मी मिनिट्समध्ये काय लिहिलं, "सविस्तर चर्चेनंतर सदर नाव तूर्तास पुढे ढकलण्यात आले." चर्चा झालीच नव्हती. माझ्या अक्षरात आहे ते वाक्य, खाली माझी सही आहे. पुढच्या सभेत दुसऱ्याचं नाव ठरलं. त्या मुलीला कोणी कारण सांगितलं नाही, ती अजून दर रविवारी येते, मला "सलाम अंकल" म्हणते.

मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही. पण त्या दोन मिनिटांत काय म्हणायचं असतं, कसं थांबवायचं असतं, हे मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. निवडून आल्यावर मला घटनेची प्रत दिली, पावतीपुस्तक दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या. बस. सरपंच निवडून आला तर त्याला बाणेर रोडच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेमार्फत ट्रेनिंग मिळतं, ग्रामसभा कशी घ्यायची, निधी कसा खर्च करायचा, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मतं मिळाली म्हणजे सगळं येतं असं कुठे आहे? आणि आपल्या कमिट्यांच्या हातात काय कमी असतं का, शाळा, जमिनी, दफनभूमी, कोणाला नोकरी, कोणत्या पाळकाची बदली कुठे.

तू म्हणालास मनाची गोष्ट आहे, सक्ती कशाला, ज्याला यायचंय तो येईल. अरे पण येणारे कोण येतात ते बघ ना. आम्ही एकदा या विषयावर शनिवारचं शिबिर ठेवलं होतं, ऐच्छिक. अकरा जण आले, त्यातले नऊ असे की ज्यांनी आयुष्यभर हे सोसलंय. ज्यांच्या मतावर सगळं चालतं त्यातलं एकही नाही. "आपल्यात जात नाही, ख्रिस्तात सगळे एक" हे मला निरोपात उत्तर आलं. गलतीकरांस पत्राचं वचन पाठ आहे सगळ्यांना, पण लग्न जमवताना पहिला प्रश्न "मूळचे कुठले" हाच असतो आणि त्याचा अर्थ गावाचं नाव नसतो. त्यात 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश, ज्यामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीतून बाहेर. कागदावर जात गेली म्हणून आपणही धरून चाललो की मंडळीतून गेली.

आणि प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बघ. पहिल्या मंडळीत तक्रार आली की रोजच्या वाटपात हेल्लेणी (ग्रीक) बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, आणि त्यावर सात जण निवडले, स्तेफन, फिलिप्प वगैरे. सातही नावं ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातलेच लोक वाटपावर बसवले असणार. मंडळीने माणसं निवडून कामाला लावली ती भेदभावाच्या तक्रारीमुळेच, आणि आपण म्हणतो निवडून आलेल्यांना याचं शिक्षण कशाला.

आता जे तुला आवडणार नाही ते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही घर बघत होतात तेव्हा तू मला म्हणाला होतास, "तो एरिया स्वस्त आहे, पण काळ्यांची वस्ती आहे, पोरांना घेऊन कुठे जायचं तिकडे." तेव्हा मी काही बोललो नाही, तीच माझी सवय. पण "वस्तीतली आहे" आणि "काळ्यांची वस्ती आहे" यात काय फरक आहे सांग. तू भोगलंयस म्हणून तुला यातून सूट मिळत नाही रे. उलट तुझ्याकडून मला जास्त अपेक्षा आहे. जोतीरावांनी 1873 साली या पुण्यात बसून गुलामगिरी लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं. गंज पेठेतल्या माणसाला ते कळलं होतं, इथला शूद्र-अतिशूद्र आणि तिथला काळा माणूस एकाच दुःखातले आहेत म्हणून. 1868 मध्ये त्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, नुसतं पुस्तक लिहून थांबले नाहीत.

दोन दिवसांच्या ट्रेनिंगने माणूस बदलतो असं मी म्हणत नाहीये. नुसत्या कागदाने तर नाहीच. इंग्लंडच्या चर्चने 2020 च्या फेब्रुवारीत सिनडमध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेत, वंशभेदाबद्दल माफी मागितली, तेव्हाचे आर्चबिशप वेल्बी स्वतः म्हणाले की आपण अजूनही संस्था म्हणून वंशभेदी आहोत, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या टास्कफोर्सने जुने अहवाल काढून बघितले तर 1980 च्या दशकापासून केलेल्या 160 हून जास्त शिफारशी निघाल्या. बऱ्याचशा तशाच पडून. आणि तूच सांगितलंस की तुमच्याकडेही काही जण वर्षानुवर्षं ट्रेनिंग टाळतात आणि कोणी विचारत नाही. म्हणून मला सक्तीला दात हवेत.

मी ठराव लिहिलाय. पास्टोरेट कमिटीवर किंवा डायसिसच्या कौन्सिलवर जो निवडून येईल त्याने सहा महिन्यांत जातभेद आणि वंशभेदविरोधी प्रशिक्षण पूर्ण करायचं, तोपर्यंत सभेत बसावं, बोलावं, पण मत नाही. आणि प्रशिक्षणात भाषण कमी. आपल्याच मंडळीची गेल्या पन्नास वर्षांची मिनिट्स बुकं टेबलावर ठेवायची आणि बघायचं की खजिनदार, सेक्रेटरी, शाळेच्या बोर्डावरचे कोणत्या घरातले होते, कोणाची नावं "पुढे ढकलली". माझ्या सहीचं पान मी स्वतः काढून देणार आहे. ठराव मांडण्याआधी त्या मुलीकडे जायचंय, तिच्या घरी, आणि काय झालं ते खरं सांगायचंय. हे सगळ्यात अवघड वाटतंय, दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलोय.

सभा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे. विरोध होणार, एक-दोघांनी आत्ताच फोन करून विचारलंय की "हे डोक्यात कोणी भरवलं". मंजूर होईल याची खात्री नाही, अनुमोदक मात्र मिळालाय.

तू ते ट्रेनिंग करच. आणि तिथे जे पुस्तक, हँडआउट वगैरे देतील त्याचे फोटो काढून पाठव, मला मराठीत करून घ्यायचेत. मुख्य म्हणजे पहिल्या दिवशी सगळे गप्प बसले तर चालवणारा माणूस काय करतो ते नीट बघून ठेव, मला तेच पाहिजे.

काकूंच्या बीपीच्या गोळ्या कालच नेऊन दिल्यात, महिनाभर पुरतील. वहिनींना आणि पोरांना सलाम सांग. रागावला असशील तर रागाने का होईना, पण फोन कर, या वेळी मी जागा असेन.

तुझा,
सुहास