चि. बाळूस, पसरणीच्या घाटाबद्दल

सातारा,
सोमवार, दुपार

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

तुझा ‘पोचलो’ हा निरोप रात्री १ वाजून ४० मिनिटांनी आला. तो वाचला आणि मगच मी दिवा मालवला. फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला जे सांगायचे आहे ते तुझ्या आईच्या कानांवर पडू नये अशी माझी इच्छा आहे. तिच्या मनात भिलारची, त्या पुस्तकांच्या गावची, सहल अगदी दृष्ट लागण्यासारखी झाली आणि ते खोटेही नाही. सकाळपासून ती शेजारच्या काकूंना मेणवलीची हकीकत सांगते आहे. चिऊने तिथल्या मोठ्या घंटेवरची आकृती पाहून ‘ही आई कोण आणि तिचे बाळ कोण’ असे विचारले, तेव्हा तू तिला उचलून घेऊन ही मेरी आणि हा येशू, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिकडून ही घंटा आली, नाना फडणविसांनी तिला इथे कृष्णाकाठी जागा दिली, असे सारे सांगितलेस. मी मागे उभा राहून ऐकत होतो. हे तुला मीच सांगितले होते, तू दुसरीत असताना, त्याच पायऱ्यांवर. तुला ते आठवत होते याचे मला फार बरे वाटले.

आधी क्षमा मागतो आणि मग पुढचे लिहितो. रविवारी दुपारी भिलारला त्या घरातल्या वाचनाच्या खोलीत तू खुर्चीतच झोपलास आणि मी सर्वांदेखत, त्या घरच्या माणसांदेखत आणि चिऊदेखत, ‘एवढ्या लांब झोपायला आलास का?’ असे म्हणून तुला उठवले. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले ते मला कळले. तू शुक्रवारी काम संपवून ठाण्याहून निघालास, पहाटे ४ वाजता घरी पोचलास, ९ वाजता आम्हांला घेऊन वाईला निघालास आणि शनिवारी रात्री आम्ही सारे झोपल्यावर अडीच वाजेपर्यंत संगणक मांडून बसला होतास, हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. तो मी काल रात्री अंथरुणावर पडून केला. दोन रात्री मिळून जेमतेम आठ तास.

तुला उठवले ते पुस्तकासाठी. दिवाळीला तू पाठवलेले गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ मी रोज चार-पाच पाने असे वाचत आणले आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर याहून जास्त वाचले की डोळ्यांतून पाणी येते. भिलारच्या त्या कपाटात तेच पुस्तक दिसले आणि शेवटाकडची पाने मी तिथेच बसून वाचून काढली. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण घरावरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला, कारण ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असून तिथे दक्षिणा मिळेल अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. यज्ञ राहिला बाजूला आणि तो सापडला बंडाच्या वणव्यात. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळवलेले पुन्हा पुन्हा लुटले गेले. आणि इतके होऊन तो घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गंगेची कावड होती आणि त्या पाण्याने त्याने आईबापांना स्नान घातले. हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले, म्हणजे त्यालाही आता शंभराहून अधिक वर्षे झाली, पण ती कावड वाचताना माझा गळा दाटून आला. हे आत्ताच्या आत्ता तुला वाचून दाखवावे असे वाटले आणि पाहतो तर तू झोपलेला. माझा राग त्यातून आला. तुझी चूक काहीच नव्हती.

आता घाटाबद्दल. मी ते लिहिणार नव्हतो, कारण तू शहाणा आहेस, चाळीस माणसे तुझ्या हाताखाली काम करतात आणि तुला रस्ता कसा धरावा हे सांगण्याचे माझे वय गेले. पण पाचगणी सोडून आपण पसरणीच्या घाटाला लागलो, मागे तुझी आई आणि सूनबाई स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडीवर घेऊन बोलत होत्या, चिऊ पेंगत होती आणि तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर गाडी हळूच कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली. मी तुझ्याकडे पाहिले तर तुझे डोळे मिटलेले होते. फार वेळ नव्हे, एक, दोन म्हणण्याइतका वेळ. मी तुझ्या मनगटावर हात ठेवला आणि तू गाडी सावरलीस. मागच्यांना काहीच कळले नाही. मी म्हणालो, ‘जरा थांबव, खाली वाई किती सुंदर दिसते आहे, चिऊला ढोल्या गणपतीचे देऊळ दाखवू’, आणि आपण दहा मिनिटे उतरलो. तू माझ्याकडे बघत नव्हतास. मीही काही बोललो नाही. दोघांनाही ठाऊक होते.

एकतीस वर्षे एसटीचे स्टिअरिंग माझ्या हाती होते, म्हणून एवढे तरी ऐक. डुलकी येते ती सांगून येते, पण आपण तिचे ऐकत नाही. मागचा मैलाचा दगड कधी गेला हे आठवेनासे झाले की समजावे. पापण्या जड होतात, मान एकाएकी सरळ होते, गाडी आपोआप एका अंगाला ओढते. तेव्हा काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी लावणे यांनी फार तर पाच-सात मिनिटे निभावतात. झोपेवर औषध झोपच. गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटे डोळे मिटायचे आणि उठल्यावर आणखी थोडा वेळ जाऊ देऊन मगच चावी फिरवायची. पहाटे २ ते ५ ही वेळ सर्वांत वाईट आणि तिच्या खालोखाल दुपारी जेवणानंतरची. रातराणीच्या चालकांना हे कोणी शिकवावे लागत नाही, आमच्या विश्रांतीगृहात दुसरा विषयच नसे. तू मात्र काल घाटातून उतरलास ते भरल्या पोटी दुपारी तीन वाजता आणि नंतर पुन्हा रात्री ९ वाजता ठाण्याला निघालास, कारण सोमवारी सकाळी तुझी बैठक होती. मी तुला फाटकापाशी म्हणालो, ‘पहाटे नीघ’. तू म्हणालास, ‘बाबा, काही होत नाही’. त्या शब्दांनी माझी कालची रात्र गेली.

पाहा, व्याख्यान सुरू झाले. तुझी आई म्हणते की मी निवृत्त झालो तरी माझी ड्यूटी संपलेली नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मी तुलाच काय, तुझ्या आईलाही कधी सांगितलेली नाही. तू तिसरीत असताना तुला विषमज्वर झाला होता आणि तीन रात्री मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून काढल्या होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. रजा शिल्लक होती, पण ती घरातल्या बारशासाठी राखून ठेवली होती, म्हणून मी त्याच रात्री कोल्हापूरची गाडी घेऊन मुंबईकडे निघालो. सातारा सोडले, खंबाटकीचा घाट ओलांडला आणि उतार संपत आला तिथे माझे डोळे मिटले. माझ्या मागे पंचेचाळीस माणसे झोपलेली होती. वाहक जागा होता, त्याने दोरी ओढून दोनदा घंटा दिली. त्या डबल बेलने मी भानावर आलो तेव्हा पुढचे चाक रस्ता सोडून मुरमावर उतरलेले होते. शिरवळला गाडी उभी केली, दोघांनी चहा घेतला आणि मी बाकड्यावर अर्धा तास आडवा झालो. वाहकाने हे आगारात कोणाला सांगितले नाही आणि मीही नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, झोप झाली नसेल तर मी ड्यूटी नाकारली. दोन वेळा पगार कापला गेला. तुझ्या आईला वाटले की मी आळस केला.

काल तुझे डोळे मिटलेले पाहिले आणि मला ती घंटा ऐकू आली. तुझ्या गाडीत घंटा ओढणारा कोणी नाही, बाळू. काल मी होतो. रात्री खंबाटकी, मग बोरघाट, मग ठाण्यापर्यंतचा रस्ता, तेव्हा सूनबाई आणि चिऊ मागे झोपलेल्या असणार.

आपल्या पूर्वीच्या सहली तुला आठवत असतील. माझी साप्ताहिक सुटी असली की सकाळच्या लाल गाडीने वाईला जायचे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली, कृष्णेच्या घाटावर गणपतीच्या सावलीत जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. वाचनालयातून आणलेले पुस्तक तू बरोबर घ्यायचास आणि जेवण झाले की मला मोठ्याने वाचून दाखवायचास. मी बहुधा दुसऱ्या पानाला झोपून जायचो, कारण आदल्या रात्री मुक्कामी गाडीवर असायचो. तू कधी मला उठवले नाहीस. पुस्तक मिटून, पाण्यात पाय सोडून बसून राहायचास. माझी शाल डोक्यावर घेऊन बसलेला तू मला अजून दिसतोस. काल मी तुझ्याशी तसे वागायला हवे होते.

भिलार मला मनापासून आवडले, हे सांगायचे राहूनच गेले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून प्रेरणा घेऊन ४ मे २०१७ रोजी हे सुरू झाले, एवढे मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण तिथे विकणे-घेणे काही नाही, लोकांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आहेत आणि कोणीही आत जाऊन हवे ते वाचत बसावे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. एका दारावर कविता, दुसऱ्यावर इतिहास, तिसऱ्यावर संतसाहित्य. ओटीवर स्ट्रॉबेरी निवडत बसलेल्या आजींनी मला चष्मा पुसायला स्वतःचा पदर पुढे केला. हे सारे तू शोधून काढलेस, खोली ठरवलीस, आईचे गुडघे पाहून तळमजल्याची मागून घेतलीस. हे आमच्या पिढीला जमले नसते. मला तुझा अभिमान वाटतो आणि तो मी तोंडावर बोलून दाखवत नाही, ही माझी खोड तुला ठाऊक आहे.

पुन्हा जाऊ. पण मला दोन दिवसांची सहल नको, एकच दिवस दे आणि त्याच्या आदल्या दिवशी घरी नुसता झोपायला ये. शक्य असेल तर गाडी तिकडेच ठेवून एसटीने ये, मी स्टँडवर घ्यायला येईन. ते पटत नसेल तर दिवसा ये. तेही जमत नसेल तर येऊ नकोस, आम्ही दोघे ठाण्याला येतो, आईला मी समजावीन. कामाबद्दल मी काही म्हणत नाही, तुझे तुला कळते. पण रात्री अडीच वाजता काम करून घेणाऱ्याला तू पसरणीच्या घाटात गाडी चालवणार आहेस हे माहीत नव्हते, ते त्याला तूच सांगायला हवे होतेस. पुन्हा तेच लिहितो आहे, कळते मला.

‘माझा प्रवास’ या पत्राबरोबरच पाठवतो आहे. तू मला पुस्तक पाठवलेस, पण स्वतः वाचले नाहीस, असे तूच म्हणालास. कावडीच्या पानात मी एसटीचे जुने तिकीट खूण म्हणून घातले आहे, तिथून सुरुवात केलीस तरी चालेल. मला कावड नको आणि गंगाही नको, हे त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने लिहिले आहे.

तुझी आई चहासाठी हाक मारते आहे. टपालपेटी उघडायच्या आत हे टाकून येतो. गणपतीला याल तेव्हा घरी गेल्यावर पोचल्याचा फोन मध्यरात्री करू नकोस. झोप झाली की कर. मी वाट पाहीन.

तुझा,
बाबा